एकच चित्र दिवसभर लावून ठेवलं तर टॅबलेटची स्क्रीन जळतीय का?

सांगलीत आता काउंटरवर टॅबलेट ठेवायची लय फॅशन आलीय. हॉटेलात मेनू, भडंगच्या दुकानात रेट, मिरजेतल्या दवाखान्यात टोकन नंबर, मार्केट यार्डातल्या अडत दुकानात बिलाचं अ‍ॅप. सकाळी शटर वर केलं की टॅबलेट चालू, रात्री शटर पाडलं की बंद, आणि मधल्या वेळात स्क्रीनवरचं चित्र जागचं हलत नाही. मग एखादा शहाणा येतो आणि म्हणतो, "आवो ते बंद करत जावा की, स्क्रीन जळंल", आणि मालकाला टेन्शन. माझा विश्रामबागचा मामेभाऊ तर त्या भीतीने टॅबलेटसमोर बसून दर थोड्या वेळाने स्क्रीनवर बोट फिरवायचा, म्हणजे गिऱ्हाईक बाजूला आणि टॅबलेटची सेवा आधी.

उत्तर आधीच देऊन टाकतो, ज्याला घाई आहे त्याने एवढंच वाचलं तरी चालेल. तुमच्या टॅबलेटची स्क्रीन एलसीडी, म्हणजे मागून दिवा लावलेली, असेल तर एकाच चित्रामुळे कायमचा डाग पडायची शक्यता फार कमी, आणि छाप दिसलीच तरी बहुतेक वेळा आपोआप जाते. स्क्रीन ओलेड किंवा अ‍ॅमोलेड (हा ओलेडचाच प्रकार), म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच चमकणारी, असेल तर मात्र डाग पडू शकतो, आणि एकदा पडला की पडला, कुठल्या अ‍ॅपने बिपने जात नाही. तेव्हा "टॅबलेटची स्क्रीन जळते का" असं विचारून उपयोग नाही, आपल्या टॅबलेटला स्क्रीन कुठली आहे ते आधी बघायचं.

ही भीती आली कुठून? ती खोटी नाही, जुनी आहे. डबा टीव्ही आणि डबा मॉनिटर होते तेव्हा काचेच्या आतून फॉस्फरचा थर असायचा, मागून त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा व्हायचा आणि फॉस्फर चमकायचा. जिथे मारा सारखा एकाच जागी, तिथला फॉस्फर आधी थकायचा. जुन्या एटीएमच्या काळ्या-हिरव्या पडद्यावर दुसरं काहीतरी दिसत असताना मागे "कार्ड टाका" टाइपची अक्षरं पुसट दिसायची ती ह्यामुळेच. स्क्रीनसेव्हर ही चीज जन्माला आली ती ह्याच कारणासाठी, नुसती शोभेसाठी नाही, ते पाइप आणि तारे पडद्यावर फिरत राहायचे म्हणजे कुठलाच भाग सारखा चमकत बसू नये. पुढे प्लाझ्मा टीव्ही आले, त्यातही फॉस्फरच, त्यामुळे त्यांनाही हा रोग होता. मग एलसीडी आली आणि रोग जवळजवळ गेला, पण लोकांच्या डोक्यातून काही गेला नाही. आणि आता ओलेड आल्यावर तो दुसऱ्या दाराने परत आलाय, म्हणून गोंधळ अजून वाढलाय.

आता स्क्रीन ओळखायची कशी. बॉक्सवर नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवर डिस्प्लेसमोर टीएफटी, आयपीएस, एलसीडी, लिक्विड रेटिना असलं काही लिहिलं असेल तर ती एलसीडी. मिनी एलईडी लिहिलं असलं तरी ती एलसीडीच, फक्त मागचे दिवे बारीक बारीक आणि भरपूर, बाकी सगळं तेच. ओलेड, अ‍ॅमोलेड, सुपर अ‍ॅमोलेड लिहिलं असेल तर ओलेड. बॉक्स हरवला असेल तर रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि स्क्रीनवर पूर्ण काळा फोटो उघडा, स्क्रीन अंधारात करडी चमकत राहिली तर एलसीडी, आणि स्क्रीन चालू आहे की बंद हेच कळेना झालं तर ओलेड. ही टेस्ट सहसा फसत नाही.

साधारण बघायला गेलं तर कमी बजेटचे टॅबलेट बहुतेक एलसीडीचेच असतात. सॅमसंगचे ए सिरीजवाले म्हणजे ए८, ए९, ए९ प्लस हे एलसीडी, एस६ लाइट पण एलसीडी, शाओमीचे पॅड ५, पॅड ६ एलसीडी. ओलेड मिळते महागड्यात. सॅमसंगने २०११ साली गॅलेक्सी टॅब ७.७ मध्ये अशी स्क्रीन टाकली होती, मग २०१४ ला टॅब एस आला, २०२३ च्या टॅब एस९ सिरीजमध्ये तिन्ही मॉडेलना अ‍ॅमोलेड दिली, पण त्याच नावाच्या एस९ एफई मध्ये एलसीडी, म्हणजे नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा. आयपॅड इतकी वर्षं एलसीडीवरच चालले, ओलेड आली ती मे २०२४ च्या आयपॅड प्रो मध्ये. तेव्हा घरात जुना साधा आयपॅड असेल आणि पोरं त्याच्यावर तासन्‌तास एकच गेम उघडी ठेवत असतील तर पोरांना ओरडायला दुसरं कारण शोधा.

आता ओलेडमध्ये नेमकं होतं काय ते जरा निवांत बघू, कारण हे एकदा कळलं की काय करायचं आणि काय नाही ते कुणाला विचारायला लागत नाही.

ओलेडमध्ये मागे वेगळा दिवा नसतो. स्क्रीनवरचा प्रत्येक बारीक ठिपका स्वतःच दिवा असतो, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे अजून बारीक दिवे. हे दिवे कार्बनवाल्या सेंद्रिय पदार्थांच्या अतिशय पातळ थरांचे, केसापेक्षा शेकडो पट पातळ. त्यातून करंट गेला की पदार्थ चमकतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्या दोघांनी १९८७ मध्ये ह्याचा कामाचा नमुना जगासमोर मांडला, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. आणि तेव्हापासूनच एक दुखणं पाठीशी लागलंय, की हा सेंद्रिय पदार्थ चमकता चमकता हळूहळू खराब होतो. जेवढा करंट गेला तेवढे त्यातले थोडे रेणू मोडतात, मोडलेले रेणू पुन्हा जुळत नाहीत, आणि तेवढाच करंट दिला तरी तो ठिपका आधीपेक्षा थोडा मंद दिसतो.

मार्केट यार्डातल्या हमालांचं बघा. हळदीची पोती उचलायला शंभर माणसं आहेत पण मुकादम रोज त्याच दहा जणांना बोलावतोय, बाकीचे नव्वद सावलीत बसून. वर्षाने सगळ्यांना एका ओळीत उभं करून एकसारखं पोतं दिलं तर ते दहा जण लगेच ओळखू येणार, कंबर धरून उभे असणार. स्क्रीनवरचा डाग म्हणजे ते दहा जण. दमणं सगळ्यांनाच आहे, शंभरच्या शंभर सारखे दमले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता, स्क्रीन एकूण थोडी मंद झाली असती एवढंच. डोळ्याला खुपतो तो फरक. आणि म्हणूनच हा डाग काळाभोर नसतो, शेजारच्या ताज्या ठिपक्यांच्या मानाने थोडा मंद असतो, पांढऱ्या नाहीतर करड्या स्क्रीनवर पटकन दिसतो आणि रंगीत व्हिडिओत लपून जातो.

त्यातही निळ्याची तब्येत सगळ्यात नाजूक. निळा प्रकाश काढायला जास्त ऊर्जा लागते, तेवढी ऊर्जा अंगावर घेणाऱ्या रेणूंचे बंध लवकर तुटतात, आणि लाल-हिरव्यासाठी जसे कमी करंटमध्ये जास्त उजेड देणारे पदार्थ बाजारात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत तसा टिकाऊ निळा बनवताना कंपन्यांच्या नाकी नऊ आले. म्हणून बऱ्याच अ‍ॅमोलेड स्क्रीनमध्ये निळा ठिपका मुद्दाम मोठा ठेवतात, म्हणजे त्याच्यावर ताण कमी. निळा आधी मंद झाला की त्या जागेवरचा पांढरा रंग पिवळट दिसायला लागतो. वापरलेल्या अ‍ॅमोलेडवर जे पिवळट पट्टे दिसतात त्यांचं मूळ बऱ्याचदा हेच.

आता इथे एक गैरसमज लय जणांचा आहे. लोक विचारतात, "किती वेळ सलग ठेवलं तर डाग पडतो?" सलगचा तसा संबंध नाही. हिशोब एकूण तासांचा आहे. आज दोन तास तो लोगो दिसला, उद्या दोन तास, मधे बंद ठेवला, तरी आजचे दोन आणि उद्याचे दोन मिळून चारच धरायचे, रात्री आराम दिला म्हणून झिजलेला ठिपका सकाळी भरून येत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी चुकून रात्रभर स्क्रीन चालू राहिली तर घाबरायचं काही कारण नाही. महापुराच्या दिवसांत आपल्याकडे कितीतरी घरांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणी पातळी उघडून टॅबलेट रात्रभर उशाला असतो, ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, झोप कुणाला लागतीय तेव्हा. त्या चार-पाच रात्रींनी चांगल्या अ‍ॅमोलेडला काही होत नाही. दुकानाचं मात्र वेगळं, रोजचे ११ तास धरले तर वर्षाला ४००० तास होतात, तेही त्याच लोगोचे, त्याच जागेवर. घरात पिक्चर बघणाऱ्याला तेवढे तास एकाच चित्राचे गाठायला किती वर्षं लागतील तुम्हीच बघा.

तासांइतकंच महत्त्व ब्राइटनेसला आहे, माझ्या मते तर जास्तच. ब्राइटनेस दुप्पट केला की आयुष्य नुसतं निम्मं होत नाही, निम्म्याच्याही खाली जातं. आणि गरमी. एप्रिल-मे मधे पत्र्याच्या शेडमधे, उन्हात, फुल ब्राइटनेसवर अ‍ॅमोलेड चालवली तर झिजायचा वेग वाढतो. द्राक्षबागेत हवामानाचं अ‍ॅप बघायला टॅबलेट नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं, बागेत दोन मिनिटं फुल करा, घरी आल्यावर खाली आणा. ऑटो ब्राइटनेस चालू असेल तर ते स्वतःच करतं.

हे सगळं पुस्तकी आहे का? नाही, झालेलं आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात गूगलचा पिक्सेल २ एक्सएल फोन आला आणि थोड्याच दिवसांत लोकांना खालच्या तीन बटणांच्या पट्टीची छाप दिसायला लागली. गूगलने वॉरंटी वाढवून २ वर्षं केली आणि अपडेटमधून कमाल ब्राइटनेस थोडा उतरवला आणि ती बटणं थोड्या वेळाने आपोआप फिकी होतील असं केलं. म्हणजे कंपनीने सुद्धा उपाय कुठले केले बघा, उजेड कमी आणि स्थिर चित्र कमी, दुसरी कुठली जादू तिच्याकडेही नव्हती. त्याच वर्षी अ‍ॅपलचा पहिला ओलेड फोन म्हणजे आयफोन एक्स आला आणि अ‍ॅपलने आपल्या सपोर्टच्या पानावर लिहूनच टाकलं की ओलेडवर दीर्घ वापराने अशी छाप दिसू शकते. टीव्हीचं सांगायचं तर कॅनडातल्या आरटिंग्ज ह्या टेस्ट करणाऱ्या साइटने २०१८ पासून एकाच मॉडेलचे सहा ओलेड टीव्ही दिवसाला २० तास चालवून ठेवले, कुणावर बातम्या, कुणावर फुटबॉल, कुणावर गेम. बातम्यांच्या चॅनेलवाल्यांवर लोगो आणि खालच्या पट्टीचे डाग उठले, त्यातही फुल ब्राइटनेसवाल्यावर जास्त, आणि जिथे चित्र सारखं बदलत होतं तिथे तसं झालं नाही. आपल्याकडच्या न्यूज चॅनेलवर स्क्रीनचा अर्धा भाग ब्रेकिंगच्या लाल पट्ट्यांनी भरलेला असतो, ते बघता दिवसभर बातम्या लावणाऱ्याने ओलेड टीव्ही घ्यावा का ह्याचा विचार करावा, पण तो विषय वेगळा.

महागड्या टॅबलेटमधे आता ह्याच्यावर एक चांगला उपाय आलाय. २०२४ च्या आयपॅड प्रो मधे ओलेडचे दोन थर एकावर एक ठेवलेत, म्हणजे एका पोत्याला दोन हमाल. तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येक थरावर ताण कमी, म्हणून झीज कमी. थांबत नाही, पण बरीच लांबते.

आता एलसीडी. इथे ठिपके स्वतः चमकतच नाहीत. मागे एलईडीचे पांढरे दिवे असतात, ते पूर्ण स्क्रीनला सारखे लागलेले, आणि समोर लिक्विड क्रिस्टलचा थर. व्होल्टेज दिलं की क्रिस्टल वळतात आणि त्यांच्या वळण्याप्रमाणे प्रकाश पुढे जातो किंवा अडतो, एवढंच त्यांचं काम. वळून वळून क्रिस्टल झिजत नाहीत. दिवे म्हातारे होतात हे खरं, हजारो तासांनी मंद होतात, पिवळट पडतात, पण ते पूर्ण स्क्रीनला लागू होतं, तुमच्या मेनूकार्डाच्या आकारात काही मंद होत नाहीत. म्हणून डाग उठायला कारणच राहत नाही.

पण मग एलसीडीवर कधीकधी जी सावली दिसते ती काय असते? ती असते, खोटं नाही. मिरजेत एका दवाखान्याच्या रिसेप्शनला टोकनचा टॅबलेट होता, तिथल्या ताई सांगत होत्या, "दादा, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तरी मागं टोकन नंबरचा चौकोन दिसतोय ओ, गेला वाटतं आता हा." गेला नव्हता, सकाळी बघितलं तर चौकोन गायब. होतं असं की लिक्विड क्रिस्टलमधे अगदी थोडी अशुद्धी असते, विद्युतभार असलेले कण म्हणजे आयन. एकच चित्र खूप वेळ राहिलं आणि ठिपक्यावरचं व्होल्टेज जरा जरी एका बाजूला झुकलेलं असलं तर हे आयन हळूहळू सरकून एका बाजूला जमा होतात, मग त्यांचंच व्होल्टेज तयार होतं आणि चित्र बदललं तरी तिथले क्रिस्टल पूर्ण जागेवर येत नाहीत. हे टाळायला स्क्रीनचं सर्किट प्रत्येक फ्रेमला व्होल्टेजची दिशा उलटी करतं, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे आयनांना एका बाजूला जायला फुरसतच मिळू नये. तरी थोडं राहतं, पॅनेलच्या क्वालिटीवर असतं. स्क्रीन बंद ठेवली किंवा हलतं चित्र लावलं की आयन परत पांगतात, काही मिनिटांत नाहीतर काही तासांत, हट्टी असेल तर एखादा दिवस.

म्हणजे हे फक्त स्वस्तातल्या मालाचं दुखणं आहे असंही समजू नका. २०१२ ला अ‍ॅपलने रेटिना स्क्रीनचा मॅकबुक प्रो काढला, त्यातल्या एलजीच्या पॅनेलवर अशी सावली राहते म्हणून लोकांनी खूप बोंबाबोंब केली, प्रकरण कोर्टात पण गेलं. आणि विमानतळावर वगैरे २४ तास, महिनोन्‌महिने एकच तक्ता दाखवणाऱ्या एलसीडीवर छाप कायमची बसल्याची उदाहरणं आहेत, त्यासाठीच तर साइनेजवाल्या, म्हणजे दिवसरात्र तक्ते-जाहिराती दाखवायच्या, स्क्रीन वेगळ्या बनतात. पण रात्री दुकान बंद होतं आणि टॅबलेट पण बंद होतो, त्या रोजच्या विश्रांतीने एलसीडीचं काम भागतं. ओलेडला विश्रांतीने फरक पडत नाही आणि एलसीडीला पडतो, दोन्हींत एवढा जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि लोक दोघींना एकाच नावाने घाबरतात.

तुमच्याकडे अ‍ॅमोलेड टॅबलेट असेल आणि तोच काउंटरवर ठेवायचा असेल तर काय करायचं. माझं प्रामाणिक मत, ठेवूच नका. काउंटरला साधा एलसीडी घ्या आणि अ‍ॅमोलेड घरी पिक्चर बघायला न्या, ती त्यासाठीच आहे. ठेवायचाच असेल तर ब्राइटनेस निम्म्याच्या खाली ठेवा, दुकानात सावली असते, तेवढा पुरतो. मेनूची पानं आपोआप बदलती ठेवा आणि बदलताना लोगोची जागा पण बदला, नाहीतर लोक पानं बदलतात आणि वर कोपऱ्यात लोगो जन्मभर तिथेच. खालची तीन बटणं काढून जेस्चर, म्हणजे बोट सरकवून मागे-पुढे जायची सोय, चालू करा. काळं बॅकग्राउंड चांगलं, कारण ओलेडमधे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तो झिजत नाही. पण काळ्यावर एकाच जागी पांढरी मोठी अक्षरं वर्षभर ठेवली तर अक्षरांचेच ठिपके झिजतील आणि बाकीचे ताजे राहतील, तेव्हा डार्क मोड लावला म्हणजे सुटलो असंही नाही. अक्षरं जरा करडी ठेवा. बऱ्याच टीव्हींमधे आणि काही टॅबलेट-मोबाईलमधे चित्र अधूनमधून काही ठिपके इकडे-तिकडे सरकवायची सोय असते, त्याने बारीक रेघांचे डाग टळतात, तळहाताएवढ्या लोगोला त्याचा फारसा उपयोग नाही, मधला भाग तर तसाच चमकत राहतो ना.

आणि एक राहिलं, क्यूआर कोड. पेमेंटचा क्यूआर दिवसभर टॅबलेटच्या स्क्रीनवर लावून ठेवणारे बघितलेत मी. कशाला? छापून चिकटवा की. कागदाला चार्जिंग लागत नाही.

डाग काढणारी अ‍ॅप आणि यूट्यूबवरचे लाल-हिरवे-निळे चमकणारे लांबच लांब व्हिडिओ, ह्यांच्याबद्दल लय जण विचारतात. एलसीडीवर सावली असेल तर असला व्हिडिओ मदत करू शकतो, क्रिस्टल हलते राहतात आणि आयन पांगतात, पण स्क्रीन रात्रभर बंद ठेवून तेच काम फुकटात होतं. ओलेडवर मात्र मोडलेले रेणू व्हिडिओ बघून जुळणार नाहीत. उलट त्या व्हिडिओने बाकीचे ताजे ठिपके पण झिजतात, मग फरक थोडा कमी दिसतो आणि माणूस म्हणतो डाग गेला, म्हणजे दमलेले दहा बरे झाले नाहीत, उरलेल्या नव्वदांना पण दमवलं. ओलेड टीव्हीत पिक्सेल रिफ्रेश म्हणून जे असतं ते वेगळं, त्यात टीव्ही स्वतः ठिपक्यांची झीज मोजून त्याप्रमाणे करंट कमी-जास्त करतो. ते अ‍ॅपला जमत नाही, कारण अ‍ॅपला ठिपक्याच्या आतलं मोजताच येत नाही. डाग फारच डोळ्यात खुपत असेल तर डिस्प्ले बदलणं एवढाच मार्ग, ज्याला मोबाईल रिपेअरवाले फोल्डर म्हणतात, आणि अ‍ॅमोलेडचा फोल्डर स्वस्त नसतो, आधी भाव विचारा मग डोळ्यात खुपतंय का ते ठरवा.

आता काउंटरवरच्या टॅबलेटचं खरं दुखणं. चार्जर सकाळपासून रात्रीपर्यंत लावलेला, बॅटरी सारखी १०० टक्क्यांवर, मागून स्टँड नाहीतर जाड कव्हर म्हणून हवा नाही, आणि सांगलीचा उन्हाळा. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, पूर्ण भरलेलं राहणं आणि गरम राहणं, आणि काउंटरवर दोन्ही एकदम. अशी बॅटरी आतून गॅस धरते आणि फुगते. टॅबलेट पातळ असतो, फुगायला आत जागा नसते, मग ती मागून स्क्रीनला रेटते. एलसीडीवर आतून दाब आला की तिथे पांढरट किंवा चमकता ठिगळासारखा भाग दिसतो, आणि मालक सांगतो "स्क्रीन जळली". जळली नाही, बॅटरी फुगलीय, आणि हे डागापेक्षा कितीतरी जास्त सिरियस आहे. टॅबलेट सपाट टेबलावर पालथा-उलथा ठेवून बघा, डुगडुगतोय का, स्क्रीनची कड फ्रेममधून सुटलीय का, पाठ फुगीर लागतीय का. तसं दिसलं तर चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचायला तर अजिबात नको, आग लागते. सर्व्हिसवाल्याकडे न्या आणि बॅटरी बदला.

हे व्हायच्या आधीचं सोपं काम म्हणजे चार्जिंगला लगाम. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबलेटमधे बॅटरी प्रोटेक्शनचं ऑप्शन आहे, ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवतं, नव्या काही आयपॅडमधे पण ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते. ज्यात नाही त्याला इलेक्ट्रिकच्या दुकानातला टायमरवाला प्लग लावा, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. मामेभावाला मी हेच करून दिलं, टायमर, मागचं जाड कव्हर काढून टाकलं आणि ब्राइटनेस खाली. स्क्रीन एलसीडीच निघाली त्याची, बोट फिरवायचं बंद झालंय.

डाग आहे की दुसरंच काही हे घरी तपासता येतं. पहिलं म्हणजे स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या मोबाईलवर बघा, स्क्रीनशॉटमधे डाग दिसला तर तो सॉफ्टवेअरमधला किंवा फोटोतलाच आहे, कारण स्क्रीनची झीज स्क्रीनशॉटमधे येऊच शकत नाही. मग पूर्ण करड्या रंगाचा फोटो लावून मधल्या ब्राइटनेसवर बघा, त्यानंतर पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण निळा. जुन्या बटणांचा, कीबोर्डचा, लोगोचा ओळखीचा आकार दिसला तर छाप. एलसीडी असेल तर रात्रभर बंद ठेवून सकाळी परत बघा. आकार ओळखीचा नसेल, कडेला उजेडाचे फराटे असतील तर ते मागच्या दिव्यांचं, गोल पांढरट ठिपका असेल तर दाब, आणि ढगासारखा ओघळ असेल तर पाणी गेलंय.

सेकंडहँड टॅबलेट घेताना हेच सगळं काउंटरवर उभं राहून करायचं, विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे. एलसीडी असेल तर बॅटरी आणि स्क्रीनची कड बघा. अ‍ॅमोलेड असेल तर आधी करडा फोटो, आणि त्यात खालची पट्टी व वरची घड्याळाची जागा नीट निरखून बघा, झीज पहिल्यांदा तिथेच दिसते. आधी कुठे वापरला तेही विचारा, शोरूमच्या डेमोचा अ‍ॅमोलेड असेल तर कितीही चकचकीत दिसू दे, तो दिवसभर फुल ब्राइटनेसवर एकच जाहिरात दाखवत उभा होता हे धरूनच भाव करा. आणि ते करडे, लाल, हिरवे, निळे फोटो घरूनच मोबाईलमधे सेव्ह करून न्या, दुकानात गेल्यावर विकणारा वायफायचा पासवर्ड देईलच असं नाही.